क्रोनोग्राफ (नेमबाजी)

हा लेख रायफल नेमबाजीत वापरल्या जाणाऱ्या वेगमापक उपकरणाविषयी आहे. विरामघड्याळाची सोय असलेल्या मनगटी घड्याळालाही क्रोनोग्राफ म्हणतात. त्याचा येथे विचार केलेला नाही.

क्रोनोग्राफ हे बंदुकीच्या नळीतून सुटलेल्या गोळीचा किंवा छऱ्याचा वेग मोजण्याचे उपकरण होय. ग्रीक भाषेतील ‘काळ’ आणि ‘लेखन’ या अर्थांच्या शब्दांपासून हे नाव बनले आहे. ते सार्थही आहे, कारण जुन्या पद्धतीची बहुतेक उपकरणे वेग प्रत्यक्ष मोजत नाहीत. ठरावीक अंतर कापण्यास लागलेला काळ नोंदवून त्यावरून वेग काढतात. वेग मीटर प्रति सेकंद (मी/से) या एककात सांगतात. हवेच्या बंदुकांच्या जाहिरातींत मात्र फूट प्रति सेकंद हे एकक अजून टिकून आहे (१ मी/से = ३.२८ फूट प्रति सेकंद).

क्रोनोग्राफवरील परदेशी लिखाण मुख्यतः घरी काडतुसे भरणाऱ्या नेमबाजांसाठी असते. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही. त्यामुळे येथील खेळाडूच्या हाती हे उपकरण वेगळ्या कामांसाठी येते : कारखान्यातून आलेल्या काडतुसांच्या किंवा छऱ्यांच्या लॉटची तुलना करणे, रायफलचे आरोग्य तपासणे आणि हवेच्या रायफलची ऊर्जा कायद्याच्या मर्यादेत आहे की नाही हे पाहणे. उपकरणाची निवडही या कामांवरून ठरवणे योग्य असते.

इतिहास

गोळीचा वेग विश्वासार्ह रीतीने मोजण्याचे श्रेय इंग्रज गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्स यांना दिले जाते. १७४२ साली प्रसिद्ध झालेल्या तोफविद्येवरील ग्रंथात त्यांनी प्रक्षेप्य लोलकाचे वर्णन केले. टांगलेल्या जड लाकडी ठोकळ्यात गोळी रुतते, ठोकळा मागे झुलतो आणि तो किती झुलला यावरून संवेगाच्या नियमाने गोळीचा वेग काढता येतो. लेओनार्ड ऑयलर यांनी १७४५ मध्ये या ग्रंथाचे जर्मन भाषांतर विस्तृत टीपांसह प्रसिद्ध केले. हवेचा रोध समजला जात होता त्याहून कितीतरी मोठा आहे, हे या मोजणीतून प्रथमच आकड्यांनिशी समोर आले.

एकोणिसाव्या शतकात विद्युतमंडलाचा उपयोग सुरू झाला. बेल्जियमच्या तोफखान्यातील अधिकारी ल बुलांजे यांनी १८६० च्या दशकात तयार केलेले उपकरण फार गाजले. त्यात दोन विद्युतचुंबकांना दोन दांड्या लटकलेल्या असत. गोळीने पहिल्या पडद्याची तार तोडली की लांब दांडी खाली पडू लागे. दुसरी तार तुटली की आखूड दांडी पडून एक पाते मोकळे करी आणि ते पाते पडत्या लांब दांडीवर खूण करी. खुणेच्या उंचीवरून पतनाचा काळ आणि त्यावरून गोळीचा वेग मिळे. म्हणजे सेकंदाच्या सूक्ष्म अंशाचे घड्याळ म्हणून येथे गुरुत्वाकर्षणच वापरले होते. दारूगोळ्याच्या कारखान्यांत आणि चाचणी मैदानांवर ही पद्धत विसाव्या शतकातही दीर्घकाळ चालू राहिली.

सामान्य नेमबाजापर्यंत क्रोनोग्राफ पोहोचला तो ट्रान्झिस्टर स्वस्त झाल्यावर. अमेरिकेतील टेक्सासचे अभियंता केन ओहलर यांनी १९६० च्या दशकात या क्षेत्रात व्यवसाय सुरू केला. आरंभी प्रत्येक गोळीमागे फाटणारे विद्युतवाहक पडदे बदलावे लागत. पुढे प्रकाशसंवेदी पडदे आले आणि ती कटकट संपली. गेल्या दशकात लॅबरडार या कॅनडातील उपकरणाने डॉप्लर रडार खेळाडूंच्या आवाक्यात आणला. २०२३ च्या अखेरीस आलेल्या गार्मिनच्या झिरो सी१ प्रो या उपकरणाने तो खिशात मावेल एवढा लहान केला.

कार्यतत्त्व आणि प्रकार

प्रकाशीय क्रोनोग्राफ : एका दांड्यावर ठरावीक अंतराने दोन प्रकाशसंवेदक बसवलेले असतात. गोळी त्यांच्यावरून जाताना तिची सावली पडते. पहिल्या सावलीला घड्याळ सुरू होते आणि दुसरीला थांबते. संवेदकांत ६० सेंटिमीटर अंतर असेल, तर ३०० मी/से वेगाची गोळी ते २ मिलिसेकंदांत पार करते. दोन्ही संवेदकांनी गोळी नेमकी कोठे ‘पाहिली’ यात ३ मिलिमीटरचा फरक पडला, तर वेगात ०.५ टक्का चूक येते. दांडा निम्मा आखूड असेल तर तीच चूक १ टक्का होते. म्हणून घडीचे आखूड उपकरण सोयीचे असले तरी लांब दांड्याचे अधिक खात्रीचे. काही महाग उपकरणांत तिसरा संवेदक असतो. त्यामुळे एकाच गोळीचे दोन स्वतंत्र आकडे मिळतात आणि ते जुळले नाहीत तर नोंद संशयास्पद ठरते.

अवरक्त क्रोनोग्राफ : याचे तत्त्व तेच, परंतु प्रकाश उपकरणाचा स्वतःचा असतो. हवेच्या रायफलीसाठी नळीच्या तोंडाशी बसणारी लहान नळकांड्यासारखी उपकरणे या गटातील आहेत. त्यांचा पट्टा फारच आखूड असल्याने निरपेक्ष वेगापेक्षा एका गोळीची दुसरीशी तुलना करण्यास ती अधिक उपयोगी पडतात.

चुंबकीय क्रोनोग्राफ : नळीला पट्ट्याने बांधलेल्या पात्यावरील संवेदक धातूची गोळी जवळून गेल्याचे ओळखतात. मॅग्नेटोस्पीड हे यातील परिचित नाव. प्रकाशाशी याचा संबंध नसल्याने ऊन, सावली, रात्र यांची अडचण येत नाही. मात्र नळीवर वजन लटकल्याने नळीची कंपने बदलतात आणि गोळ्या नेहमीच्या जागी पडत नाहीत. त्यामुळे ते बांधलेले असताना लक्ष्यावरील समूह तपासण्यात अर्थ नसतो. हवेच्या रायफलीच्या लहान शिशाच्या छऱ्यांसाठी, उपकरणाच्या पुस्तिकेत तसा स्पष्ट उल्लेख असल्याखेरीज, हा प्रकार घेऊ नये.

डॉप्लर रडार : उपकरण सूक्ष्मतरंग सोडते, दूर जाणाऱ्या गोळीवरून परतलेल्या तरंगाची वारंवारता किंचित बदललेली असते आणि त्या बदलावरून थेट वेग मिळतो. २४ गिगाहर्ट्‌झचा रडार आणि १७० मी/से वेगाचा छर्रा घेतला, तर हा बदल सुमारे २७ किलोहर्ट्‌झ येतो. इलेक्ट्रॉनिक मंडलाला तो सहज मोजता येतो. रडार रायफलच्या शेजारी ठेवायचा असल्याने गोळीच्या मार्गात काहीच येत नाही. रडार गोळीचा पुढेही माग घेतो आणि मागे गणित करून नळीच्या तोंडाशी असलेला वेग सांगतो.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात वेगमापनाची परंपरा प्रथम दारूगोळ्याच्या उद्योगाबरोबर आली. खडकी येथील दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. त्याच्या काडतुसांच्या बुडावरील ‘केएफ’ ही अक्षरे जुन्या नेमबाजांच्या ओळखीची आहेत. पुण्यातील पाषाण येथे संरक्षण संशोधन आणि विकास संघटनेची शस्त्रास्त्र संशोधन प्रयोगशाळा आहे. काडतुसांच्या प्रत्येक उत्पादनात वेगाची चाचणी हा गुणवत्ता तपासणीचा नित्याचा भाग असतो.

खेळातील चित्र वेगळे आहे. अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत, रुद्रांक्ष पाटील आणि स्वप्निल कुसाळे या महाराष्ट्राच्या खेळाडूंनी रायफल प्रकारांत आंतरराष्ट्रीय यश मिळवले. अथेन्स ऑलिंपिकच्या (२००४) अंतिम फेरीत खेळलेल्या सुमा शिरूर यांनी नवी मुंबईला लागून असलेल्या पनवेल येथे लक्ष्य शूटिंग क्लब सुरू केला. या परिसरातील बहुतेक सराव १० मीटर हवेच्या रायफलीचा आणि बंदिस्त सभागृहातला आहे. उपकरण निवडताना हाच मुद्दा निर्णायक ठरतो, कारण परदेशी पुस्तिका उघड्या मैदानावरचे आकाश गृहीत धरतात, तर येथे डोक्यावर ट्यूबलाइट किंवा एलईडी दिव्यांच्या पट्ट्या असतात.

वेगातील फरकाचा गुणांवर परिणाम

५० मीटर रायफल प्रकारात पॉइंट टू-टू (.२२) काडतुसे वापरतात. स्पर्धेच्या दर्जाच्या काडतुसांचा वेग साधारणपणे ३२० ते ३३० मी/से, म्हणजे ध्वनीच्या वेगाहून थोडा कमी ठेवलेला असतो. ध्वनीच्या वेगाचा टप्पा ओलांडताना गोळी अस्थिर होऊ शकते, हे त्याचे कारण. ३२७ मी/से वेगाने सुटलेली गोळी ५० मीटर अंतर सुमारे ०.१६ सेकंदात कापते आणि तेवढ्या काळात गुरुत्वाकर्षणाने सुमारे १२५ मिलिमीटर खाली येते. नेम जुळवताना हे पतन धरलेलेच असते. अडचण निर्माण होते ती गोळी-गोळीमधील फरकामुळे. वेग १ मी/से ने घटला की गोळी पाऊण मिलिमीटरहून किंचित अधिक खाली लागते. या लक्ष्यावर दोन वर्तुळांमधील अंतर ८ मिलिमीटर आणि दशांश गुणांची एक पायरी ०.८ मिलिमीटर आहे. म्हणजे १ मी/से चा फरक जवळजवळ दशांश गुणाएवढा आणि १० मी/से चा फरक पूर्ण एका गुणाएवढा. पॅरिस ऑलिंपिकमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी कुसाळे यांनी ५० मीटर रायफल तीन स्थिती प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्या अंतिम फेरीतील त्यांचे ४५१.४ गुण अशाच दशांशांनी मोजलेले होते.

१० मीटरवर पतन सुमारे १७ मिलिमीटर असते आणि १ मी/से च्या फरकाने छर्रा सुमारे ०.२ मिलिमीटर खालीवर होतो. येथे दशांश गुणाची पायरी ०.२५ मिलिमीटर आहे. २ मी/से चा चढउतार दीड पायरीचा ठरतो. हातातील कंपनापुढे हा आकडा लहान असतो, म्हणून नवशिक्याने क्रोनोग्राफच्या मागे लागण्याचे कारण नाही; सातत्याने दहाच्या वर्तुळात मारणाऱ्या खेळाडूच्या बाबतीत मात्र तो दिसू लागतो.

निवड

फक्त हवेच्या रायफलीने, तेही बंदिस्त सभागृहात सराव करणाऱ्याने साधा प्रकाशीय क्रोनोग्राफ घेण्यापूर्वी दोनदा विचार करावा. भारतातील वीजपुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्‌झ असल्याने जुन्या चोकच्या ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात; डोळ्याला ते कळत नाही, पण संवेदकाला कळते. परिणामी नोंदच होत नाही किंवा भलताच आकडा दिसतो. असा क्रोनोग्राफ हाताशी असेलच, तर त्याच्यासाठी बनवलेले स्वतंत्र दिवे किंवा बॅटरीवर चालणारा स्थिर प्रकाश वापरावा. नव्याने घेताना अवरक्त किंवा रडार प्रकार बरा.

रडार घेताना तो छऱ्याचा कमी वेग आणि लहान आकार पकडू शकतो का, हे पाहणे आवश्यक असते. रायफल, हवेची रायफल आणि धनुष्य यांसाठी वेगवेगळी मांडणी निवडण्याची सोय अनेक उपकरणांत असते. ती चुकीची निवडली तर उपकरण मुकाट बसून राहते. एकाच प्रकारचे दोन रडार शेजारच्या दोन लेनमध्ये चालू असतील तर त्यांना वेगळे चॅनेल द्यावे लागतात.

क्लबसाठी खरेदी करायची असेल तर रडारचा वाढीव खर्च समर्थनीय ठरतो. तो कोणाच्या गोळीने फुटत नाही आणि एका खेळाडूकडून दुसऱ्याकडे देण्यास अर्धे मिनिट पुरते. प्रकाशीय उपकरणांचा अंत बहुधा गोळी लागूनच होतो. एकट्या खेळाडूने मात्र वर्षातून किती वेळा मोजणी होणार याचा हिशोब आधी करावा. नवा लॉट घेताना आणि रायफलची दुरुस्ती झाल्यावर एवढेच काम असेल, तर क्लबचे उपकरण मागून वापरणे शहाणपणाचे.

पेटीवर छापलेला अचूकतेचा टक्का फार महत्त्वाचा मानू नये. दोन वेगवेगळ्या उपकरणांनी एकाच रायफलीचा सरासरी वेग २–३ मी/से वेगळा सांगितला तरी लॉटची तुलना बिघडत नाही, कारण ती नेहमी एकाच उपकरणावर करायची असते. कायदेशीर मर्यादेजवळची रायफल तपासताना मात्र निरपेक्ष आकडा महत्त्वाचा होतो.

वापर

मोजणी रेंज अधिकाऱ्याच्या परवानगीने आणि सर्व लेन थांबलेल्या असताना मांडावी. प्रकाशीय उपकरण तिपाईवर ठेवताना रायफल रिकामी, बोल्ट उघडा आणि नळीत सुरक्षा दोरी असावी. नंतर रायफल नेहमीच्या स्थितीत टेकवून, बोल्ट उघडा ठेवूनच, नळीतून लक्ष्याकडे पाहावे. नळीची रेषा संवेदकांच्या वर ठरलेल्या उंचीवरून जाते की नाही ते दिसते. दुर्बीण किंवा मागची माशी नळीच्या बरीच वर असते आणि तिच्यातून मोकळी दिसणारी वाट नळीसाठी मोकळी असेलच असे नाही. क्रोनोग्राफला गोळी लागण्याच्या घटना प्रामुख्याने यामुळेच घडतात.

उपकरण गोळीच्या मार्गाला समांतर असावे. ते ५ अंशांनी कलले तर दोन संवेदकांमधील प्रत्यक्ष वाट लांबते आणि वेग सुमारे ०.४ टक्का कमी दिसतो. .२२ रायफलीसाठी उपकरण नळीच्या तोंडापासून २ ते ३ मीटर पुढे ठेवतात, म्हणजे दारूच्या वायूंचा झोत आणि न जळलेले कण संवेदकाला फसवत नाहीत. हवेच्या रायफलीसाठी अर्धा मीटर पुरतो. अंतर एकदा ठरले की दरवेळी तेच ठेवावे, कारण हलका छर्रा पहिल्या काही मीटरांतच बराच वेग गमावतो.

उघड्या मैदानावर कडक उन्हात संवेदकांवर पांढरे प्रकाशविसारक पडदे लावावे लागतात. कोकण किनाऱ्यावरील पावसाळी ढगाळ आकाश मात्र प्रकाशीय क्रोनोग्राफला अतिशय मानवते; सावली स्वच्छ पडते. त्या दिवसांतील दमट हवेने उपकरणाच्या बॅटरीच्या पट्ट्या गंजतात, हा भाग वेगळा.

तापमानाची नोंद प्रत्येक मोजणीसोबत करावी. दारूच्या जळण्याचा वेग तापमानाबरोबर वाढतो. मे महिन्यात बंद मोटारीत राहिलेली काडतुसे आणि वातानुकूलित खोलीतील काडतुसे यांची तुलना म्हणजे दोन लॉटची तुलना नव्हे. कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या जुन्या रायफलींत हा परिणाम फार तीव्र असे. या वायूचा बाष्पदाब २० अंश सेल्सिअसला सुमारे ५७ बार आणि ३० अंशांना सुमारे ७२ बार असतो, त्यामुळे सकाळचा नेम दुपारी चालत नसे. स्पर्धेच्या रायफली पुढे संपीडित हवेकडे वळल्या, त्यामागे हे एक कारण होते.

संपीडित हवेच्या रायफलीत क्रोनोग्राफ वैद्याच्या नाडीपरीक्षेसारखा उपयोगी पडतो. पूर्ण भरलेल्या सिलिंडरपासून सुरुवात करून दर दहा छऱ्यांमागे दाब व वेग लिहीत गेल्यास, वेग कोणत्या दाबापर्यंत स्थिर राहतो ते समजते. त्याखाली दाब उतरू न देणे हा सरावाचा नियम बनवता येतो. थोडा वेळ रायफल ठेवून दिल्यानंतरचा पहिला छर्रा दरवेळी वेगळ्या वेगाने जात असेल तर दाबनियंत्रक गळतो आहे, असा संशय घ्यावा. स्प्रिंगच्या रायफलीत सरासरी वेग महिन्यामागून महिना उतरत गेला तर स्प्रिंग थकली आहे किंवा दट्ट्याचे सील झिजले आहे.

नोंदींचे गणित

बहुतेक उपकरणे तीन आकडे दाखवतात : सरासरी वेग, सर्वाधिक व सर्वांत कमी वेगांतील फरक, आणि प्रमाण विचलन. समजा, पाच छऱ्यांचे वेग १६८, १७०, १६९, १७२ आणि १७१ मी/से आले. सरासरी १७०, टोकांमधील फरक ४ आणि प्रमाण विचलन सुमारे १.६ मी/से.

यावरून ‘हा लॉट १.६ चा’ असा निष्कर्ष काढणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. वेगांचे वितरण प्रसामान्य धरले, तर पाच नोंदींवरून काढलेल्या प्रमाण विचलनाची खरी किंमत ९५ टक्के विश्वासपातळीवर त्या आकड्याच्या ०.६ पटीपासून २.९ पटीपर्यंत कोठेही असू शकते. दहा नोंदींना ही मर्यादा ०.७ ते १.८ पट आणि तीस नोंदींना ०.८ ते १.३ पट होते. म्हणजे पाच-पाच छर्रे मारून १.६ आणि २.४ असे आकडे आलेले दोन लॉट प्रत्यक्षात सारखेच असू शकतात. दोन लॉटमधील निवड करायची तर प्रत्येकी किमान तीस नोंदी घ्याव्यात. काडतुसांचा खर्च पाहता हे जड वाटते, पण पुढे वर्षभराचा साठा त्यावरच ठरणार असतो.

टोकांमधील फरक तर नोंदींच्या संख्येबरोबर वाढतच जातो : दहा नोंदींत तो सरासरीने प्रमाण विचलनाच्या सुमारे तिप्पट आणि तीस नोंदींत चौपट असतो. म्हणून एकाने दहा गोळ्यांवरून काढलेला फरक दुसऱ्याने तीस गोळ्यांवरून काढलेल्या फरकाशी ताडून पाहू नये. विचित्र दिसणारी नोंद केवळ नकोशी आहे म्हणून खोडणेही योग्य नव्हे. उपकरणाचा दोष स्वतंत्रपणे दिसला असेल तरच ती वगळावी.

कायदा आणि ऊर्जा

शस्त्र नियम, २०१६ नुसार ज्या हवेच्या बंदुकीची नळीच्या तोंडाशी ऊर्जा २० जूलपेक्षा अधिक किंवा नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा (०.१७७ इंच) अधिक असेल, तिला परवाना लागतो. व्यास डोळ्यांना दिसतो. ऊर्जा क्रोनोग्राफशिवाय कळत नाही. छऱ्याचे वस्तुमान किलोग्रॅममध्ये आणि वेग मी/से मध्ये घेऊन वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन, हे त्याचे सूत्र आहे. वस्तुमान ग्रेनमध्ये व वेग फूट प्रति सेकंदात असेल तर गुणाकाराला ४,५०,२४० ने भागून फूट-पाउंड मिळतात. १ फूट-पाउंड म्हणजे १.३५६ जूल.

स्पर्धेच्या १० मीटर रायफलीतून ०.५३ ग्रॅमचा छर्रा १७५ मी/से वेगाने सुटला तर ऊर्जा सुमारे ८ जूल होते. ती मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी आहे. प्रश्न येतो तो खेळासाठी नसलेल्या जोरदार बंदुकांचा. त्याच छऱ्याला २० जूल गाठण्यास सुमारे २७५ मी/से वेग लागतो, तर ०.६८ ग्रॅमच्या जड छऱ्याला २४३ मी/से पुरतो. जाहिरातीतील ‘१००० फूट प्रति सेकंद’ हा दावा (३०५ मी/से) छऱ्याच्या वजनाशिवाय अपुरा आहे : ०.३५ ग्रॅमच्या हलक्या मिश्रधातूच्या छऱ्याने तो साधला असेल तर ऊर्जा सुमारे १६ जूल, ०.४५ ग्रॅमच्या छऱ्याने साधला असेल तर सुमारे २१ जूल. एक बंदूक परवान्यावाचून चालेल, दुसरी चालणार नाही. त्यामुळे मोजणी एकाच छऱ्यावर न थांबवता हलक्या, मध्यम आणि जड अशा तिन्ही वजनांनी करावी आणि आलेली सर्वांत मोठी ऊर्जा ग्राह्य धरावी. स्प्रिंगच्या बंदुका सहसा हलक्या-मध्यम छऱ्यांनी आणि संपीडित हवेच्या बंदुका जड छऱ्यांनी अधिक ऊर्जा देतात. स्प्रिंग किंवा दाबनियंत्रक बदलल्यावर जुनी मोजणी रद्द समजावी.

मर्यादा

क्रोनोग्राफ वेग सांगतो, अचूकता सांगत नाही. गोळीचा समतोल, नळीच्या तोंडाची स्थिती, काडतुसाची कड, वारा यांपैकी काहीच त्याच्या पडद्यावर येत नाही. .२२ रायफलीत तर नळीच्या कंपनामुळे उशिरा सुटणारी मंद गोळी किंचित वर रोखलेल्या नळीतून बाहेर पडते आणि तिचे जादा पतन काही अंशी भरून निघते. अशा रायफलीत वेगाचा चढउतार थोडा अधिक असलेला लॉटही घट्ट समूह देऊ शकतो. एलीसारखे उत्पादक काडतुसांच्या खोक्यावर लॉट क्रमांकासोबत वेगही छापतात, तरी अनुभवी खेळाडू लॉट विकत घेण्यापूर्वी रायफल शिकंजात बसवून ५० मीटरवर तो कागदावर पाहतातच. वेगाच्या नोंदीने दहा लॉटमधून तीन निवडावेत आणि त्या तिघांमधील अंतिम निवड लक्ष्यावरील समूहावरून करावी, ही पद्धत वेळ आणि काडतुसे दोन्ही वाचवते.